बांधावरची दोरी आन् उजवा डोळा

…आन् वरनं ती नर्सबाई मलाच दटावती! 'आबा, डोळे मिटून बसा, थेंब बाहेर येतोय.' अगं बाई, मिटूनच बसलोय की! सकाळी नवाला आलो, चारदा थेंब टाकलं, समोरचं सगळं ताकात बुडवल्यागत झालंय, आन् नंबर काय पुकारत न्हाईत. विचारलं तर म्हणती, 'थेंबाचा अंमल चढू द्या.' अंमल! उभ्या आयुष्यात दारूला शिवलो न्हाई, आन् आता म्हातारपणी दौंडात येऊन अंमल चढायची वाट बघत बसलोय.

तुम्ही पहिल्यांदाच व्हय? कुठलं? पाटसचं. आन् मामी, तुम्ही? कुरकुंभ. डोळ्याच्या पडद्याचंच का? मग ऐका माझं. आमचा पोपटराव चहा आणाया खाली गेलाय, तो यायच्या आत सांगतो. तो आला की मी गप बसणार. का, ते कळंल शेवटाला. घाई करू नका. घाई मला हाय.

मी बन्सी. शिरूर तालुक्यातला, भीमेच्या पलीकडचा. शिकलो दुसरी. सही करतो, पेपरातलं मोठं अक्षर वाचतो, बास. पण तुम्हाला सांगतो, हा डोळा हाय न्हवं, ह्या डोळ्याला आख्ख्या गावानं मान दिला. मांडवाचे खांब रोवायचे? बन्सीआबाला उभं करा! डाळिंबाचे खड्डे घ्यायचे? आबा, जरा ओळ बघा! मी नुस्तं एका टोकाला उभं राहायचं, भुवई वर करायची आन् म्हणायचं, 'तिसरा खांब दोन बोटं डावीकडं घ्या.' गवंडी दोरी लावून बघायचा. दोन बोटं! ना कमी ना जास्त! लोकांची पोरं पंधरा-पंधरा वर्सं शिकून येत्यात, त्यांना जमत न्हाई. माझा डोळा खोटं बोलत न्हाई. हे मी न्हाई म्हणत, गाव म्हणायचं.

तर गेल्या दिवाळीपासनं काय झालं… आमच्या दारात विजेचा खांब हाय, तो एका सकाळी मधीच वाकलेला दिसाया लागला. लायनमनला बोलवलं. म्हणलं, 'बाबा, खांब वाकलाय, पडंल कुणाच्या टाळक्यात.' त्यानं वर बघितलं, खाली बघितलं, मग माझ्याकडं बघितलं. 'आबा, खांब सरळ हाय.' मी मनात म्हणलं, सकाळीच टाकून आलाय गडी. मग दाराची चौकट फुगली. सुताराला शिव्या घातल्या. वीस वर्सांपूर्वीची चौकट, सुतार बिचारा आता काठी टेकत चालतो, तरी घातल्या! मग आमची धुरपदा. म्हंजी मंडळी आमची. समोर बसून ती बोलतीय, आन् मला तिचं कान दिसत्यात, कुंकू अर्धं दिसतंय, पण नाक गायब! नाकाच्या जागी नुस्ता धुरकट डाग. आता ह्यावर माणसानं घाबरावं का न्हाई? पण मी म्हणलं, पन्नास वर्सं बघितलंय ते नाक, चार दिस न्हाई दिसलं तर काय बिघडलं?

व्हय व्हय, तुम्ही हसा. तवा मी हसत न्हवतो. तवा मी बघत हुतो बांधाकडं.

बांध म्हंजी माझ्या आन् पोपटरावाच्या रानामधला. पोपटराव माझा चुलतभाऊ, बारा वर्सांनी धाकटा. आमच्या आज्यानं वाटणी केली तवा ह्या टोकाला एक दगड पुरला, त्या टोकाला एक दगड पुरला, आन् मधी बांध घातला, सरळ. मध्यावर एक जांभळ. साठ वर्सं बघतोय मी तो बांध. आता बांध कोरणं म्हंजी काय, ते शेतकऱ्याला सांगाया नको. नांगरट करताना फाळ जरा तिरका धरायचा, एक बोट आत. पुढच्या साली अजून एक बोट. चोरी न्हाई, दरोडा न्हाई, पाच-दहा वर्सांत हातभर रान हिकडचं तिकडं! आन् त्या सकाळी मी दगडापाशी उभा राहिलो, भुवई वर केली, आन् बघतो तर काय… बांध माझ्या बाजूला फुगलेला! पोट आल्यागत!

तसाच गेलो त्याच्या दारात.

'पोपट्या, बांध कोरला!'

'आबा, बसा तरी. चहा घ्या.'

'चहा नको. बांध का कोरला?'

'देवाची आन आबा, न्हाई कोरला.'

'मग फुगला कसा? वारं भरलं व्हय त्यात?'

'कुठं फुगलाय? सरळ तर हाय!'

'मला शिकवतो? मला? माझा डोळा खोटं बोलत न्हाई!'

झालं. बोलणं बंद. तीन महिनं! त्याची लेक अक्षदा हिथं दौंडला दिलीया, तिला पोरगा झाला, बारशाला आख्खं गाव गेलं, मी न्हाई गेलो. धुरपदा रोज टोचायची, 'आवं, आधी डोळं तपासा, मग बांध तपासा.' डोळं? माझं? चार वर्सांपूर्वी मोतीबिंदू काढलाय, भिंग टाकलंय आत, आता अजून काय राहिलं तपासायचं? तिचा भाऊ कासुर्डीवरनं आला, तो म्हणला, 'दाजी, डोळ्यात मध घाला, नजर साफ हुती.' घातला. तुम्हाला सांगतो, दोन दिस डोळा उघडंना! पापणीला पापणी चिकटली, माशा घोंगावत्यात, आन् हा शहाणा फोनवर विचारतोय, 'फरक पडला का, दाजी?' फरक? आधी बांध वाकडा दिसत हुता, आता दिसतच न्हाई!

मग मी पंच बोलवलं. मंगळवार हुता. मारुतराव आलं, सोसायटीचं जुनं चेअरमन, सत्तरीचं, धोतर पांढरं फेक. आन् चार माणसं. पोपटराव बी आला, हात बांधून उभा. निळी नायलॉनची दोरी आणली. ह्या दगडाला एक टोक बांधलं, दुसरं टोक मारुतरावाच्या हातात, ते त्या दगडापाशी. मी मधी. म्हणलं, आता निकाल लागंल, दोरी काय कुणाची भावकी न्हाई. भुवई वर केली, आन् बघतो…

दोरी वाकडी!

'मारुतराव, दोरी ताणा!'

'ताणलीया आबा!'

'न्हाई ताणली! मधी झोळ आलाय!'

'अहो, सतारीगत वाजंल आता, एवढी ताणलीया!'

'माझा डोळा खोटं बोलत न्हाई! अजून ताणा म्हणलं ना!'

आन् त्यांनी ताणली. माणूस इमानदार. टाच रोवली, दात खाल्लं, आन् ताणली… तटकन् तुटली! मारुतराव मागच्या मागं, धोतरासकट, पाटाच्या पाण्यात! बसकण मारली ती मारलीच. चौघं पळालं त्यांना उठवायला, तर एकाचा पाय घसरला, तो त्यांच्या मांडीवर. आख्खं पंचमंडळ पाटात, आन् कोरडं कोण, तर मी आन् पोपटराव. दोरीकडं, बांधाकडं बघाया कोण राहिलं न्हाई. सगळी माझ्याकडं बघाया लागली.

तेवढ्यात आमची सून आली. सुवर्णा. रांजणगावला कंपनीत हाय, क्वालिटीला. पहिली पाळी सुटली, कंपनीची बस फाट्यावर उतरवती, तिथनं ती चालत बांधावर. अंगात कंपनीचा शर्ट, खिशाला ओळखपत्र. दिवसभर तिचं काम काय, तर लोखंडी पार्ट उचलायचा, गेज, म्हंजी मापाचं साधन, लावायचा, सरळ का वाकडा सांगायचं. तिनं पाटातलं पंच बघितलं, माझ्याकडं बघितलं. तुटलेली दोरी उचलली, गाठ मारली, दोन टोकाला दोन माणसं उभी केली आन् मला म्हणली, 'आबा, उजवा डोळा झाका.'

'कशापायी?'

'झाका तर.'

झाकला. दोरी सरळ. बाणागत सरळ!

'आता डावा झाका.'

डावा झाकला… आन् काय सांगू तुम्हाला. पायाखालची जमीन हलली म्हणत्यात ना, तसं न्हाई. जमीन तिथंच हुती. दोरी हलली. मधी फुगली, पाण्यात बघितल्यागत थरथरली, आन् मधोमध एवढा तुकडा गायबच. उजव्या डोळ्यात. माझ्या. इतकी वर्सं दोन्ही डोळं उघडं ठेवून बघतोय, डावा सांभाळून घेत हुता, आन् उजवा आपला गपचिप बिघडत हुता. दुखलं न्हाई, खुपलं न्हाई, लाल झाला न्हाई. दुखलं असतं तर कळलं असतं की वो!

सुवर्णा हळूच म्हणली, 'आबा, आमच्या लायनीवर कवा कवा चांगला माल बी रिजेक्ट व्हायला लागतो. मग साहेब म्हणतो, माल नको बघू, आधी गेज तपास.'

म्हंजी मी गेज! सगळ्या गावाचं माप माझ्यावर घेतलं, आन् गेजच बिघडला!

घरी आलो, जेवलो न्हाई. एकच घोर लागला. हा डोळा गेला तर माझ्याकडं राहिलं काय? दुसरी पास? शिक्षण न्हाई, हुद्दा न्हाई, एक नजर हुती. सुवर्णानं दवाखान्यात फोन लावला. हिथनं सांगितलं, सरळ रेघा वाकड्या दिसत्यात ना, मग थांबू नका, पडद्याच्या डॉक्टर गुरवारी पुण्यावनं येत्यात, गुरवारी आणाच, उशीर कराल तेवढी नजर जाईल. आता गुरवारी आणणार कोण? सुरजची, म्हंजी पोराची, कंपनीत पाळी. सुवर्णाला रजा न्हाई. मी म्हणलं, पुढच्या महिन्यात बघू. तवर दारात हॉर्न वाजला. पोपटराव! काच खाली करून म्हणतो, 'आबा, मी दर गुरवारी अक्षदाकडं दौंडला जातोच. या बसा.'

बसलो. काय करणार? तो पुढं बघतोय, मी खिडकीतनं बघतोय, भीमेचा पूल आला. पूल बी मधी फुगलेला दिसला. मनात म्हणलं, आता पुलावरनं भांडण नको.

डॉक्टरीणबाई तरणी पोर, अनुपमा नाव, माझ्या नातीएवढी. मशीनला हनुवटी टेकवा म्हणली, फोटो काढला पडद्याचा, आन् मला दाखवला. डोंगरदऱ्या नुसत्या! म्हणली, 'आबा, हा वयानं येणारा आजार आहे. डोळ्याच्या पडद्याच्या मधोमध मॅक्युला म्हणून जागा असते, समोरचं बारीक दिसतं ते तिच्यामुळं. तिच्या मागं नको त्या नाजूक रक्तवाहिन्या उगवल्यात, त्या पाझरतात. पडदा फुगतो, म्हणून रेघ वाकडी दिसते.'

मी म्हणलं, 'म्हंजी पाट पाझरला आन् वाफ्याची माती फुगली.'

ती म्हणली, 'अगदी बरोबर!' दुसरी पास माणूस हाय, पण पाण्याचं कळतं मला.

म्हणलं, 'मग चष्मा द्या.' म्हणली, 'चष्म्यानं जाणार नाही.' म्हणलं, 'मग मोतीबिंदूगत काढून टाका.' म्हणली, 'तो मोतीबिंदू, हे वेगळं.' म्हणलं, 'मग गोळी?' म्हणली, 'इंजेक्शन.' टोपी-पिशव्या घालून मला आत नेलं, मी बाही वर केली. तर ती म्हणती, 'हातात नाही आबा. डोळ्यात.'

कुठं?

डोळ्यात!

तुम्हाला सांगतो, मी उठलो. डोक्यावर हिरवी टोपी घातलेली, पायात कापडी पिशव्या, तसाच दार ढकलून बाहेर! म्हणलं, जाऊ दे हा डोळा, डावा हाय की! पाच पावलं गेलो आन् समोर बाकड्यावर कोण? पोपटराव. उठून उभा राहिला. 'काय आबा, झालं? एवढ्यात?'

आता सांगा. तीन महिनं ज्याला चोर म्हणलं, त्याच्यापुढं सांगायचं, सुईला भ्यालो म्हणून? मी म्हणलं, 'न्हाई, जरा पाय मोकळं करत हुतो.' आन् वळलो, गेलो आत, पडलो टेबलावर. त्यादिशी पोपट्या बाकड्यावर नसता ना, तर मी घरी गेलो असतो आन् डोळा कायमचा गेला असता. हे मी त्याला सांगितलं न्हाई. तुम्ही बी सांगू नका.

घाबरू नका, मामी. बधिर करत्यात. पिवळं औषध लावून डोळा धुत्यात, पापण्या चिमट्यानं उघड्या धरत्यात, 'वर बघा' म्हणत्यात, जरासा दाब येतो, झालं. रातभर डोळ्यात खडा गेल्यागत वाटतं, दोन दिस काळा ठिपका तरंगतो, डोळ्यात पाणी जाऊ द्यायचं न्हाई, चोळायचा न्हाई. पण डोळा लई दुखाया लागला, लाल झाला, का नजर एकदम कमी झाली, तर गुरवारची वाट बघायची न्हाई, तसंच उठून यायचं. मध? मधाचं नाव काढू नका! मी मधाचं सांगितलं तवा डॉक्टरीणबाईनं कपाळावर हात मारला.

मग म्हणली, 'बिडी ओढता?' मी म्हणलं, 'कवा तरी.' दारातनं पोपटराव म्हणतो, 'बंडल रोज!' बघा, भावकी! ती म्हणली, 'बिडी ह्या आजाराला खतपाणी घालते. बंद करा. पालेभाज्या खा. आणि हे ध्यानात ठेवा, गेलेली नजर सगळी परत येईलच असं नाही. आहे ती राखायची आहे. पहिली तीन इंजेक्शनं महिन्याला एक, मग बघून ठरवू. पण मध्येच सोडायचं नाही, सोडलं की परत पाझरतं.' येताना भीमेच्या पुलावर पोपटरावानं गाडी हळू केली, माझ्या खिशातनं बंडल काढलं, काच खाली केली… गेलं नदीत. मी काडीपेटी तेवढी लपवली.

आन् डॉक्टरीणबाईनं एक चौकटीचा कागद दिला. बारीक बारीक चौकोन, मधी ठिपका. तो सुवर्णानं फ्रिजवर चिकटवला. रोज सकाळी चष्मा लावायचा, एक डोळा झाकायचा, ठिपक्याकडं बघायचं, रेघा सरळ का वाकड्या बघायचं, मग दुसरा झाकायचा. आता माझ्या घरात दुधाला आलेला माणूस बी विचारतो, 'आबा, आज रेघा कशा?' परीक्षा! दुसरीत शाळा सोडली ती परीक्षेच्या भ्यानं, आन् आता रोज सकाळी फ्रिजपुढं परीक्षा! पोपटराव तर मुद्दाम येतो. बशीत चहा वततो, हळूच विचारतो, 'आबा, उजव्यानं काय दिसतंय?' रोज विचारतो. मला वाटायचं, काय काळीज हाय माणसाचं! मी चोर म्हणलं, आन् हा माझ्या डोळ्याची काळजी करतोय. लाज वाटली मला. मी, बन्सी, सगळ्यांसमोर म्हणलं, 'पोपट, माझी चूक झाली.' एकदा म्हणलं. दुसऱ्यांदा न्हाई म्हणलं.

तीन इंजेक्शनं झाली. धुरपदाचं नाक परत आलं. तिला सांगितलं तर म्हणली, 'बरं झालं, आता मुरडलेलं बी दिसंल.' मधी जरा धूसर हाय, बारीक अक्षर उजव्यानं लागत न्हाई, पण चौकटीच्या रेघा सरळ! दाराची चौकट सरळ, विजेचा खांब सरळ. खांबाला तर मी हात लावून आलो.

मग म्हणलं, एकदा बांध बघून यावं. सकाळी एकटाच गेलो. दगडापाशी उभा राहिलो. उजवा झाकून बघितलं. डावा झाकून बघितलं. दोन्ही उघडं ठेवून बघितलं. दगडापासनं सरळ… सरळ… सरळ… आन् जांभळीपाशी…

जांभळीपाशी आत!

डावा तेच सांगतोय, उजवा तेच सांगतोय! तरी मी म्हणलं, बन्सी, आता डोळ्यावर जायचं न्हाई, एकदा तोंड पोळलंय. घरी गेलो, तीच निळी दोरी आणली, सुवर्णाच्या गाठीची. ह्या दगडाला बांधली, त्या दगडाला बांधली, आन् डोळं गच्च मिटून हातानं मोजलं. दोरीपासनं बांधापर्यंत. एक हात आन् चार बोटं! माझ्या रानात! कोरलाय! फुगलाय सगळीकडं न्हाई, पण जांभळीपाशी कोरलाय! माझा डोळा खोटं बोलत न्हाई!

आन् तवा ध्यानात आलं, तो रोज का विचारतो, 'उजव्यानं काय दिसतंय?'

आता सांगू कुणाला? मारुतरावाला? ते पाटात बसल्यापासनं माझ्या रानाच्या वाटेनं जात न्हाईत. सुवर्णाला? ती म्हणंल, 'आबा, गेज परत बिघडला, चला दौंडला.' आन् दौंडला आणणार कोण? हाच की! बाई म्हणली हाय, मधी सोडायचं न्हाई, सोडलं की पाझरतं. म्हंजी बघा, भांडलो तर रान मिळंल, ते बघाया डोळा राहायचा न्हाई. आन् गप बसलो तर डोळा राहील, रोज सकाळी जांभळीपाशी कोरलेला तो बांध बघाया! त्यात अजून एक गोष्ट. त्याला इचारलं तर तो काय म्हणंल, ते मला आत्ताच ऐकू येतंय, 'आबा, आज चौकटीचा कागद बघितला का?'

श्श! आला. चप्पल वळखली मी.

'काय आबा, काय चाललंय? सगळी हसत्यात.'

काय न्हाई रं, पोपट. ह्या पाटसच्या पावण्यांना आपल्या बांधाचं सांगत हुतो. दोरीगत सरळ हाय म्हणलं. चहा बिनसाखरेचा आणलास न्हवं?… काय? माझं नाव पुकारलं? राहू दे मग चहा. धर माझा हात. थेंबानं काय दिसंना झालंय. पायरी कुठंय?… बरं बाबा. तू म्हणशील तिथं.